बोटांच्या ठशांवरून शिकवणी? प्रत्येक मुलाला 'त्याच्या पद्धतीने' शिकवायचं म्हणजे नेमकं काय?

खिडकीतली तुळस | १४ जून, रात्री १०.५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचते आहे, आज लिहायची वेळ आली.

मी मुलुंडला घरीच शिकवण्या घेते. नववी-दहावी, स्टेट बोर्ड, गणित आणि विज्ञान. अकरा वर्षं झाली. हॉलमध्ये सतरंजी, भिंतीला पांढरा फळा, एका वेळी सहा मुलं. सातवं घेत नाही, कारण मग स्वयंपाकघरात जायला वाट उरत नाही.

परवा एक आई आल्या. मुलगा दहावीत, सेमी इंग्लिश. नववीला बीजगणितात ४० पैकी १३. बसल्या बसल्या त्यांनी पिशवीतून स्पायरल बाइंडिंगचं एक जाडजूड बाड काढलं. दहाही बोटांचे ठसे घेऊन केलेला रिपोर्ट. 'व्हिज्युअल ४६ टक्के, कायनेस्थेटिक ३५, ऑडिटरी १९.' म्हणजे बघून, हातांनी करून आणि ऐकून शिकणारा, त्या क्रमाने. मुखपृष्ठावर डोंगर, डोंगरावर हात पसरून उभा मुलगा. म्हणाल्या, "मॅडम, याला तोंडी सांगून उपयोग नाही, हा बघून शिकणारा आहे. तुम्ही सगळं चित्रांतून शिकवा." अडीच हजार मोजलेत त्यांनी त्याचे. मी मान डोलावली. आता समीकरणं सोडवायच्या क्रेमरच्या पद्धतीचं चित्र काय काढू?

गंमत अशी की आठ दिवस बघतेय, तोंडी सांगितलं की पोरगं खरंच गोंधळतं आणि फळ्यावर लिहिलं की पटकन उचलतं. त्यामुळे रिपोर्टला थोतांड म्हणायलाही जीभ रेटत नाही.

तुम्ही शिकवता किंवा तुमची मुलं शिकवणीला जातात, तर सांगा: सहा मुलांना सहा तऱ्हांनी शिकवायचं असतं का? कुणी करतं का तसं?

---

तिरकस | १४ जून, रात्री ११.०५

माझा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. म्हणजे माझी शिकण्याची पद्धत 'एरर' समजावी का?

---

दोन पोरांची आई | १४ जून, रात्री ११.२२

तिरकस, हसू आलं, पण मला यात तथ्य वाटतं. माझी दोन्ही मुलं एकाच घरात वाढलेली, एकाच शाळेत. थोरली पाठांतर करताना हॉलभर येरझारा घालते, बसवलं की सगळं विसरते. धाकटा एकदा लिहिल्याशिवाय एक ओळ लक्षात ठेवत नाही. दोघांना एकाच साच्यात कोंबणाऱ्या क्लासमधून मी मुलीला काढलं आणि घरी येणाऱ्या बाई लावल्या. फरक पडला. ठशांचं मला माहीत नाही, पण मुलं वेगवेगळी शिकतात हे आईला कळतंच की.

---

पेन्शनर पंतोजी | १५ जून, सकाळी ६.४०

तुळसताई, धागा चांगला काढलात. मी परळच्या एका शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं, आता नातवाला शिकवतो, ते जास्त अवघड आहे.

दोन गोष्टींची सरमिसळ होते आहे. मुलं वेगळी असतात, याबद्दल वादच नाही. पण 'हा डोळ्यांनी शिकणारा, ती कानांनी शिकणारी' असा शिक्का मारून त्या शिक्क्याप्रमाणे शिकवलं तर जास्त येतं, हा दावा वेगळा आहे. तो तपासला गेला आहे. न्यूझीलंडमध्ये शाळा-निरीक्षक राहिलेल्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये 'वार्क' नावाची प्रश्नावली आणली: बघणारे, ऐकणारे, वाचणारे-लिहिणारे, हातांनी करणारे. तिथून हे शब्द शाळाशाळांत पोचले. अशा वर्गवाऱ्या इतक्या झाल्या, की २००४ मध्ये इंग्लंडमध्ये कॉफिल्ड आणि सहकाऱ्यांनी मोजल्या तेव्हा ७१ भरल्या.

मग २००८ मध्ये पॅश्लर आणि आणखी तीन मानसशास्त्रज्ञांनी साधा प्रश्न विचारला. हे खरं असेल, तर 'बघणाऱ्यां'ना चित्राने जास्त यायला हवं आणि 'ऐकणाऱ्यां'ना त्याच चित्राने कमी, ऐकून जास्त. दोन्ही गटांतली मुलं चिठ्ठ्या टाकून दोन्ही पद्धतींत वाटायची, शेवटी परीक्षा एकच घ्यायची. असे नीट केलेले प्रयोग जेमतेम सापडले आणि त्यांतल्या बहुतेकांत तसं काही दिसलं नाही. मुलाला काय आवडतं हे प्रश्नावलीतून कळतं. त्याने काय येतं, हे नाही.

---

दोन पोरांची आई | १५ जून, सकाळी ७.१५

पंतोजीकाका, मग माझ्या मुलीला फरक पडला तो काय भास?

---

पेन्शनर पंतोजी | १५ जून, सकाळी ७.३१

भास कशाला! साठ मुलांतून उठून ती एकटी बाईंसमोर बसली. तिथे चुकलं की तिथल्या तिथे कळतं. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बेंजामिन ब्लूम यांनी १९८४ मध्ये मांडलं होतं, की एकेकट्याने शिकवलेला सरासरी विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेला. नंतरच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा निघाला नाही, पण निघाला. तुमच्या मुलीचं श्रेय येरझाऱ्यांना न देता त्या बाईंना द्या.

---

दोन पोरांची आई | १५ जून, सकाळी ७.४०

बाईंना देतेच. येरझाऱ्याही चालू राहतील.

---

चाळकरी | १५ जून, दुपारी १.१०

आमच्या लालबागच्या चाळीत मास्तर गॅलरीत शिकवणी घ्यायचे. त्यांच्याकडे एकच पद्धत होती, ती दाराच्या मागे टांगलेली असायची. सगळी पोरं 'कायनेस्थेटिक' झाली.

पण खरं सांगू? पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे एका सुरात म्हणायचो. खाली पापडवाल्या काकू पण आमच्याबरोबर म्हणायच्या. आज साठी उलटली तरी दीड सत्ते साडेदहा झोपेतही येतं. सगळ्यांनाच कानाने आलं, कुणाचेही ठसे न घेता.

---

तिरकस | १५ जून, दुपारी १.१८

काकूंना पण आलं, म्हणजे फी न भरता. हा खरा शोध.

---

बॅचवाला | १५ जून, रात्री ११.३०

आत्ता शेवटची बॅच सुटली, म्हणून उशिरा. मी बोरिवलीत क्लास चालवतो. एका बॅचला पंचावन्न ते साठ. जागेचं भाडं ऐकाल तर तुम्हीच म्हणाल की शंभर बसव. मला कुणी मुलाचा रिपोर्ट दिला तर मी नम्रपणे फाईलला लावतो. अशा दोन फायली झाल्यात माझ्याकडे. एका मुलीचे तर दोन वेगळ्या ठिकाणचे रिपोर्ट आहेत. एकात ती ऐकणारी, दुसऱ्यात बघणारी. बोटं तीच असावीत.

तुळसताई, तुम्ही सहा मुलं घेता म्हणजे तुमच्याकडे जे आहे ते माझ्याकडे नाही: वही बघायला वेळ. माझ्याकडे उत्तर चुकलं एवढं कळतं, कुठल्या ओळीत चुकलं ते कळत नाही. पालकांनी चित्रं-गाणी मागण्यापेक्षा 'माझ्या मुलाची वही तुम्ही ओळ न् ओळ वाचता का?' हे विचारलं, तर आम्हा निम्म्या क्लासवाल्यांना घाम फुटेल.

---

अनुस्वार | १६ जून, सकाळी ९.०५

मध्येच अवांतर. शाळेतल्या शिक्षकांनी खाजगी शिकवण्या घ्यायच्या नाहीत, असं शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २८ मध्ये स्पष्ट लिहिलंय ना? मग माझ्या भाच्याचे वर्गशिक्षक संध्याकाळी 'मित्राच्या क्लासमध्ये सहज' कसे असतात?

---

चाळकरी | १६ जून, सकाळी ९.२०

सहजच असतील हो. आम्ही पण गणपतीत सहज पत्ते खेळतो.

---

बॅचवाला | १६ जून, सकाळी ९.४८

त्यावर वेगळा धागा काढा, मी पळून जाईन.

---

ताल तिरकिट | १६ जून, दुपारी ४.३२

मी शाळेतलं काही शिकवत नाही, दादरला तबला शिकवतो. आमच्याकडे एक गृहस्थ मुलाला घेऊन आले, म्हणाले याला बघून येतं, व्हिडिओ लावून द्या. म्हटलं, तबला कानाने येतो, हाताने येतो. बोल आधी तोंडातून यायला हवेत, 'धा धिं धिं धा' म्हणता आलं नाही तर बोटं आपटून उपयोग काय? उलट नकाशा शिकवायचा असेल तर तुम्ही तो गाऊन दाखवणार आहात का? सह्याद्री कुठून कुठे जातो हे ज्याला त्याला बघावंच लागतं. आणि पोहणं, दादरच्या तरणतलावात उतरल्याशिवाय आजवर कुणाला आलंय?

म्हणजे मला वाटतं, कसं शिकवायचं हे आधी विषय ठरवतो. मुलगा ठरवतो ते इतकंच, की कुठून सुरू करायचं आणि कुठे थांबायचं. माझ्याकडे दोन मुलं एकाच दिवशी आली होती. एकाचा डावा हात जड, दुसऱ्याला लय समजायची पण ठोका धरवत नव्हता. पहिल्याला सहा महिने फक्त डाव्याचे बोल, दुसऱ्याला टाळ्या वाजवत चालायला लावलं. शिवाजी पार्कला फेऱ्या मारायचो आम्ही, लोक बघायचे. पण ठेका दोघांना तोच.

---

मूक वाचक | १६ जून, रात्री १२.१५

चेष्टा चालू आहे ती चालू द्या, पण एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे.

माझा मुलगा पाचवीपर्यंत 'आळशी' होता. वाचताना ओळ सुटायची, फळ्यावरचं उतरवून घेताना ३६ चं ६३ व्हायचं, तोंडी विचारलं की धडाधड उत्तरं. दोन शिकवण्या बदलल्या. एका ठिकाणी सांगितलं, हा ऐकून शिकणारा आहे, वाचायचा आग्रह धरू नका. आम्ही वर्षभर धरला नाही. ते वर्ष गेलं ते गेलंच.

मग एका ओळखीच्या बाईंनी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पाठवलं. डोळे आणि कान आधी तपासले, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. बऱ्याच फेऱ्या झाल्या, सकाळी लवकर जाऊन रांगेत बसायचो. निदान झालं डिस्लेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातली अडचण. अशी अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, प्रमाणपत्र मिळालं की बोर्डात जादा वेळ वगैरे सवलती मिळतात. पण त्याहून मोठं म्हणजे त्याला वाचायला शिकवणाऱ्या ताई मिळाल्या. वाचन टाळून नाही, अक्षर-ध्वनी, अक्षर-ध्वनी असं रोज पाऊण तास करून. जे येत नव्हतं तेच जास्त केलं त्यांनी.

'शिकण्याची शैली' म्हणून जे गोड लेबल लागतं, त्याच्या आड कधी कधी खरी अडचण लपते. म्हणून लिहिलं.

---

दोन पोरांची आई | १६ जून, रात्री १२.४०

मूक वाचक, हे वाचून गप्प झाले. लिहिलंत ते बरं केलंत.

---

नाडीपरीक्षक | १७ जून, सकाळी ८.००

पेशाने डॉक्टर आहे, म्हणून ठशांबद्दल दोन ओळी. बोटांवरच्या रेषा गर्भातच ठरतात हे खरं. काही जनुकीय विकारांत ठशांत आणि तळहातावरच्या रेषांत ठरावीक फरक दिसतात, हेही खरं, वैद्यकात त्याचा अभ्यास होतो. त्यावरून 'हा मुलगा ४६ टक्के व्हिज्युअल' इथवर उडी मारायला मधे पूल नाही. इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीने या चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं जाहीर सांगितलेलं आहे. रिपोर्टांत मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांच्या बहुविध बुद्धिमत्तेचं (बुद्धी एकच नसते, अनेक प्रकारची असते) नाव हमखास असतं. त्यांचा सिद्धांत १९८३ चा आणि तो ठशांबद्दल नाही, 'शैली'बद्दलही नाही. बहुविध बुद्धिमत्ता आणि शैली यांची गल्लत करू नका असं ते स्वतःच सांगत आले आहेत.

---

पेन्शनर पंतोजी | १७ जून, सकाळी ८.२५

तुळसताई, सगळे बोलले, पण तुमच्या त्या विद्यार्थ्याचं राहिलंच. तुम्ही लिहिलंत की सांगितलं की गोंधळतो, लिहिलं की कळतं. हे निरीक्षण रिपोर्टपेक्षा मोलाचं आहे. त्याला नाव देऊ नका, त्याचा माग काढा. फळ्यापाशी त्याला उभा करा, तुम्ही सतरंजीवर बसा. एक उदाहरण तोंडी सांगा आणि त्याने पहिली ओळ लिहिताना फक्त हाताकडे बघत राहा. मदत करायची नाही. बाईंना सगळ्यांत अवघड तेच जातं.

---

खिडकीतली तुळस | २६ जून, रात्री १०.१५

उशिराबद्दल माफी. मधे दोन दिवस पावसाने गाड्या बंद, घरात पाहुणे. पण काका, तुमचं ऐकलं आणि जे सापडलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

दहावी बीजगणित, पहिलंच प्रकरण, दोन चलांतील रेषीय समीकरणं. फळ्यापाशी त्याला उभं केलं आणि सांगितलं, लिही: एकोणपन्नास एक्स वजा सत्तावन्न वाय बरोबर एकशे बहात्तर. त्याने लिहिलं, ५९ एक्स वजा ५७ वाय. मी गप्प. दुसरं समीकरण सांगितलं, सत्तावन्न एक्स वजा एकोणपन्नास वाय बरोबर दोनशे बावन्न. पुन्हा ५९. मग बेरीज केली, ११६ एक्स वजा ११६ वाय. रीत अगदी बरोबर! आधी बेरीज करायची, मग वजाबाकी करायची, हे त्याला पक्कं माहीत. आकडे मात्र जमेनात, तसा तो घामाघूम झाला.

मी पाठ्यपुस्तक उघडून दिलं. म्हटलं, आता बघून कर. दहा मिनिटांत एक्स सात, वाय तीन. स्वतःच ताळा करून दाखवला.

मग मी दहा संख्या सांगितल्या. एकोणसाठ म्हटलं की ६९. एकोणऐंशी म्हटलं की ८९. त्रेसष्ट आणि त्र्याहत्तर तर रामभरोसे. दहातल्या सहा चुकल्या. नव्याण्णव मात्र बरोबर लिहिलं, म्हणाला क्रिकेटमुळे माहीत आहे.

घरात मराठी, पण आकडे पहिलीपासून इंग्रजीतून. मी अकरा वर्षं मराठीतून आकडे सांगते आहे. त्या दिवशी सतरंजीवरच्या सहाही जणांची परीक्षा घेतली. चौघांची तीच गत. इतके दिवस शेजारच्याच्या वहीत डोकावून लिहायचे आणि मी ओरडायचे, नक्कल करू नका म्हणून. रात्री झोप लागली नाही मला.

---

चाळकरी | २६ जून, रात्री १०.३८

अरे देवा. एकोण म्हणजे एक उणा, हे कुणी सांगितलंच नसणार पोरांना. ऐंशीला एक उणा, एकोणऐंशी.

---

अनुस्वार | २६ जून, रात्री १०.५५

आणि त्यांना ते कोड्यासारखंच वाटणार, कारण १९ पासून ८९ पर्यंत सगळ्या 'नऊ'वाल्या संख्या पुढच्या दशकाचं नाव घेऊन येतात. ९९ तेवढं सुटलं, म्हणून त्याला ते बरोबर आलं असेल, क्रिकेट निमित्त.

आठवतंय ना, २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसला 'वीस सात' असाही पर्याय दिला होता? केवढा गदारोळ झाला, विधानसभेत विनोद झाले. डॉ. मंगला नारळीकर गणिताच्या समितीच्या अध्यक्ष होत्या, त्या सांगत होत्या की मुलांना ही नावं जड जातात. तेव्हा मीही मराठी बुडाली म्हणून तावातावाने लिहिलं होतं. इथेच. शोधू नका.

---

तिरकस | २६ जून, रात्री ११.०२

शोधलं. 'माय मराठीच्या गळ्याला नख' असं शीर्षक आहे.

---

दोन पोरांची आई | २६ जून, रात्री ११.१०

पण मग तुळसताई, रिपोर्ट बरोबरच निघाला की! ऐकून येत नव्हतं, बघून येत होतं. ४६ टक्के व्हिज्युअल!

---

चाळकरी | २६ जून, रात्री ११.१४

कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

---

पेन्शनर पंतोजी | २७ जून, सकाळी ६.३५

रिपोर्ट मानून चित्रं काढली असती तर पोरगा पास झाला असता कदाचित, पण एकोणपन्नास म्हणजे किती ते दहावीनंतरही कळलं नसतं. बाजारात, बँकेत, आजीशी बोलताना तसाच चाचपडला असता. ताई, अकरा वर्षांचं मनाला लावून घेऊ नका. मी तीस वर्षं शिकवलं, माझ्या वर्गात असे किती होते हे मला आज पहाटे पहिल्यांदा सुचलं.

---

मूक वाचक | २७ जून, सकाळी ९.५०

एवढंच बघा, की पुस्तकातून उतरवताना आकडे उलटे होतात का. होत असतील तर एकदा तपासून घ्या. होत नसतील तर हा नुसता भाषेचा गुंता आहे, सुटेल.

---

खिडकीतली तुळस | २७ जून, दुपारी २.२०

नाही होत, उतरवतो अगदी नीट. मीही आधी तेच तपासलं, तुमचा प्रतिसाद डोक्यात होता.

आता मी आकडे आधी इंग्रजीतून सांगते, लगेच मराठीतून, आणि शेवटची पाच मिनिटं सगळी मिळून 'एकोण'चा खेळ. एक जण संख्या सांगतो, बाकीचे हवेत लिहितात. घरच्या आजी-आजोबांना विचारून यायचं, असा गृहपाठ दिला होता, एका आजोबांचा फोन आला, म्हणाले पावकी पण शिकवा. चाळकरीकाका, तुमच्यापैकीच कुणी असणार.

---

बॅचवाला | २७ जून, रात्री ११.४०

आज मी पण साठ मुलांना दहा संख्या घातल्या. आकडा इथे सांगत नाही. उद्यापासून माईकवरून इंग्रजीत सांगणार.

---

तिरकस | २८ जून, सकाळी १०.०५

मुख्य प्रश्न राहिला. त्या आईंना काय सांगितलंत? आणि अडीच हजारांच्या बाडाचं काय?

---

खिडकीतली तुळस | २८ जून, दुपारी ३.३०

त्यांना मुलाची वही दाखवली, ५९ वर बोट ठेवून. थोडा वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "एकोणपन्नास मला पण पटकन येत नाही हो मॅडम, मी ठाण्यात कॉन्व्हेंटला होते." मग दोघी खूप हसलो. रिपोर्टबद्दल मी काही बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. बाड माझ्याकडेच राहिलंय. कागद चांगला जाड आहे आणि छपाई एकाच बाजूला. मागच्या कोऱ्या पानांवर सराव चालू आहे त्याचा.

---

सोनटक्का | २८ जून, सायंकाळी ७.१२

धागा आत्ता वाचला. तुळसताई, मुलुंड पूर्व की पश्चिम? माझी भाची नववीत आहे. सातवी जागा खरंच नाही का?